विक्रीखतात दलालाचं नाव कुठे असतं?

गोव्यातल्या एखाद्या जुन्या घराचं विक्रीखत चाळीस पानांचं सहज होतं. विकणारी अकरा भावंडं, त्यांचे नवरे-बायका, प्रत्येकाचं वय, धंदा, पॅन, आधार. लिस्बनला किंवा लंडनला राहणाऱ्या भावाच्या वतीने सही करणाऱ्याचं नाव आणि त्याच्या प्रोकुरासांवची, म्हणजे मुखत्यारपत्राची, तारीख. पोर्तुगीज अमदानीतला देस्क्रिप्सांवचा (जमीन नोंदणीचा) क्रमांक, मात्रीजचा (करनोंदीचा) क्रमांक, आताचा सर्व्हे नंबर, चारी बाजूंच्या मेरा. पूर्वेला ओहोळ आहे हेसुद्धा लिहिलेलं असतं. शेवटी दोन साक्षीदार आणि मसुदा करणाऱ्या वकिलाचा शिक्का. हे सगळं ज्याने जुळवून आणलं, त्या माणसाचं नाव मात्र या चाळीस पानांत शोधून सापडत नाही. तो सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

तो मी. कार्डावर ‘रिअल इस्टेट कन्सल्टंट’ छापलंय, पण पेडणे तालुक्यातल्या माझ्या गावात दलालच म्हणतात आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. सत्तावीस वर्षं झाली. सुरुवात केली तेव्हा भाट, म्हणजे माडा-झाडांची बागायत, विकलं जायचं ते मुलीच्या लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी, आणि घेणारा बहुधा शेजारच्या गावचा असायचा. आता घेणारा गुरुग्रामहून येतो, चौरस मीटरचे गज करून मागतो आणि दुपारच्या विमानाने परत जातो. अशा या धंद्यातून एक मागणी मांडायची आहे. दलालाचं नाव विक्रीखतात आलं पाहिजे. त्याने जागेवर काय पाहिलं, दोन्ही पक्षांना काय सांगितलं आणि कुणाकडून किती पैसे घेतले हे एका पानावर लिहून, खाली सही करून, ते पान खताला जोडलं पाहिजे. बिल्डरच्या फ्लॅटपुरतं नव्हे. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं परसू घेतलं, तरी मध्ये दलाल असेल तर त्याचं पान हवं.

यामागचं कारण पैशाच्या वेळापत्रकात आहे. माझं कमिशन, साधारण दोन टक्के, खताची नोंदणी होते त्या दिवशी मिळतं. जमिनीतला दोष मात्र त्या दिवशी दिसत नाही. तो पाच वर्षांनी, दहा वर्षांनी वर येतो: बँक कर्ज नाकारते, मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा, दावा लावतो, कुणाची तरी राहून गेलेली आत्या कोर्टात उभी राहते. तोवर मी बाकावरून उठून गेलेलो असतो. सौदा मोडला तर मला शून्य, जुळला तर दोन टक्के, आणि जुळून सडला तरी दोन टक्केच. असा हिशेब असलेल्या माणसाकडून तुम्ही सल्ला घेता. तो वाईट माणूस असेलच असं नाही, पण ‘हे घेऊ नका’ म्हणायला त्याला स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात.

मी ते पैसे एकदा मोजले नाहीत.

२००९ साल. बार्देशातलं एक घर, नळ्यांचं, मधे राजांगण, मागे विहीर. घेणारे दादरचे निवृत्त काका-काकू. विकणारे चार भाऊ. कागद चोख होते: एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा म्हणा) बापाच्या नावावर, बाप गेल्यावर केलेल्या सक्सेशन डीडमध्ये चार वारस, वर्तमानपत्रात नोटीस आलेली, हरकत कुणाची नाही. वकिलांनी कागद बघितले आणि हिरवा कंदील दिला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कागदावर चारच होते.

पण त्या घराच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, घड्याळाच्या खाली, एक फोटो टांगलेला होता. लग्नातला. नऊवारीतली नवरी, आणि तिच्या मागे ओळीने तेच चार भाऊ, पोरसवदा वयाचे. मी विचारलं, ही कोण? थोरला म्हणाला, ‘आमची बहीण. डिचोलीला दिलीय. लग्नात सगळं दिलं तिला, ती काही मागायची नाही.’ चहा आला. मी चहा घेतला.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबतो. इथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो, आणि वारसाच्या कामकाजासाठी त्याच्याच पायावर २०१२ चा राज्याचा कायदा आला. मुलगी आणि मुलगा सारखे वारस. बापाला मृत्युपत्राने फार तर अर्ध्या मिळकतीचं काय ते ठरवता येतं, उरलेली अर्धी सक्तीच्या वारसांची. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, वारशाने आलेली धरून. म्हणजे डिचोलीच्या त्या बाईचाच नव्हे, तिच्या नवऱ्याचाही त्या घरात पाय होता. ‘लग्नात सगळं दिलं’ या वाक्याला गोव्यातल्या कोर्टात दमडीची किंमत नाही. रीतसर हक्क सोडल्याचा दस्त असेल तर गोष्ट वेगळी.

हे मला त्या दिवशी माहीत होतं. धंद्यात दहा-अकरा वर्षं झाली होती. त्या व्यवहारात गुंतलेल्या सगळ्या माणसांत भाऊ सोडले तर तो फोटो पाहिलेला मी एकटा होतो. वकील घरी गेलेच नव्हते, काका-काकू राजांगण बघण्यात रमले होते. मी गप्प राहिलो. खत झालं, दोन्हीकडून कमिशन आलं आणि त्यात मी माझ्या घरावर स्लॅब घातला.

सात वर्षांनी डिचोलीचा भाचा आला. मग दावा, मग ‘जैसे थे’चा आदेश. नळे बदलायचे तर कोर्टाला विचारा, घर विकायचं तर प्रश्नच नाही. काकू एकदा फोनवर म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही त्या घरात आमच्याआधी दहा वेळा जाऊन आला होता. तुम्ही तरी सांगायचं.’ त्यांचं छप्पर गळत होतं तेव्हा माझा स्लॅब कोरडा होता. माझ्यावर कुणीही दावा लावला नाही. लावणार कशाच्या जोरावर? मी त्या व्यवहारात होतो याचा कागदोपत्री पुरावाच नाही.

आता कुणी म्हणेल की यासाठी रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, आहे की. आहे. माझ्या ऑफिसात त्याचं नोंदणीपत्र चौकटीत लावलेलं आहे, लोक चपला काढता काढता त्याच्याकडे बघतात. २०१६ च्या या कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, नोंद नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मनाई केली, हिशेबाची पुस्तकं ठेवायला लावली, ग्राहकाला कागद दाखवण्याचं बंधन घातलं. चांगला कायदा आहे. पण त्यातला ‘एजंट’ कोण ते नीट वाचा: जो ‘प्रकल्पा’तला प्लॉट, सदनिका किंवा इमारत विकून देतो तो. पर्वरीतल्या नव्या टॉवरमधला फ्लॅट मी विकतो तेव्हा मी कायद्याने एजंट असतो. तिथून उठून हळदोण्यातलं दीडशे वर्षांचं घर दाखवायला गेलो की मी कुणीच नसतो. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसलेली जागा, किंवा आठाहून अधिक नसलेल्या सदनिका, तर प्रकल्पालाच नोंदणी लागत नाही. जुनी घरं, भाटं, काजूचे डोंगर, घरातला अविभक्त वाटा, पुनर्विक्री, हे सगळं बाहेर.

आणि गोव्यात माणूस बुडतो तो नेमका याच बाहेरच्या भागात. नव्या फ्लॅटचे कागद बँकेने तपासलेले असतात, नकाशा मंजूर असतो, भोगवटा दाखला मिळाला की नाही ते एका फेरीत कळतं. तिथे दलाल नसला तरी चालेल. जिथे जमिनीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, जिथे एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदार म्हणून एकाचं, कूळ म्हणून दुसऱ्याचं आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात तिसऱ्याचं नाव आहे, तिथे दलालाला कसलीच अट नाही. महाराष्ट्रात महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. हरयाणाने तर रेराच्या आधी, २००८ सालीच, प्रॉपर्टी डीलरसाठी परवान्याचा वेगळा कायदा केला. आमच्याकडे टॅक्सी चालवायला बिल्ला लागतो, मासळी विकायला बाजारात सोपो (बाजारकर) भरावा लागतो, आणि दोन कोटींचं भाट विकायला नुसता मोबाईल पुरतो.

त्या मोबाईलवर काय विकलं जातं तेही सांगतो. मोपाच्या सड्यावरचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, पुढच्या जानेवारीत विमानं उतरू लागली आणि पेडण्यात ज्याच्याकडे दुचाकी आहे तो दलाल झाला. मी एका पोराला काम करताना पाहिलंय. काजूचा उतार, खाली ओहोळ. गिऱ्हाईक उन्हात उभं. पोरगा फोनवर नकाशा दाखवतोय: ‘सर, अभी ऑर्चर्ड है, छह महिने में सेटलमेंट हो जाएगा।’ तो बागायतीची जमीन बागायतीच्या भावाने विकत नव्हता, वस्तीच्या जमिनीच्या भावालाही विकत नव्हता. दोन्हीच्या मधला एक भाव होता, आशेचा.

ही आशा त्याने स्वतः तयार केलेली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. २०११ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी २००६-०७ च्या आंदोलनात हाणून पाडला. मग २०२१ चा आला. त्यानंतर तो न बदलता एकेक सर्व्हे नंबर बदलण्याच्या वाटा नगरनियोजन कायद्यात निघत गेल्या: २०१८ साली कलम १६-ब, २०२३ साली १७(२), २०२४ साली ३९-अ. ‘आराखड्यातली चूक दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली १७(२) कसं वापरलं गेलं ते उच्च न्यायालयासमोर आलं आणि मार्च २०२५ मध्ये गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. ज्यांनी त्या भरवशावर विसार दिला होता त्यांनी दलालाला फोन लावले. किती उचलले गेले, माहीत नाही.

बागायतीत घर बांधताच येत नाही असं नाही. फार्महाउसची तरतूद आहे, पण त्याला किमान ४,००० चौरस मीटर लागतात. मग काय करतात? चार हजाराचे दहा वाटे पाडतात. कागदावर प्रत्येकाला ‘अविभक्त दहावा हिस्सा’, जागेवर चिऱ्याच्या गडग्याने आखलेले दहा तुकडे, आणि दलालाच्या तोंडी ‘तुमचा प्लॉट’. दहा अनोळखी माणसं एका जमिनीची सहमालक होतात आणि एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती वकिलाच्या ऑफिसात. माझ्या त्या पानावर ‘आजचा झोन: बागायत. बदल होईल असं मी सांगितलेलं नाही’ एवढी ओळ सहीनिशी लिहावी लागली असती, तर त्या पोराची जीभ अडखळली असती. तोंडी वचन देणारा माणूस लेखी द्यायची वेळ आली की लगेच सावध होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

इथवर घेणाऱ्याचं झालं. विकणारा कमी बुडत नाही, त्याच्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, कारण त्याला पैसे मिळालेले दिसतात. आमच्यात एक शब्द आहे, ‘वरचे’. मालकाला विचारायचं, हातात किती हवेत? तो म्हणतो ऐंशी लाख. मग दलाल एक कोटी वीसला गिऱ्हाईक आणतो. चाळीस वरचे. कधी ते रोखीने फिरतात. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, तरी फिरतात. कधी दलाल आधी मालकाकडून स्वतःच्या नावाने करारनामा करून घेतो आणि खताच्या वेळी ‘कन्फर्मिंग पार्टी’ (संमती देणारा पक्ष) म्हणून सही ठोकतो. दलालाचं नाव खतात येतं ते असं: पैसे उचलण्यापुरतं, आणि तेही दलाल म्हणून नाही.

सगळ्यात वाईट प्रकार मुखत्यारपत्राचा. मालकाला सांगायचं, मावशी, तुम्हाला या वयात खेपा नकोत, इथे एक सही करा, पुढचं मी बघतो. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगून ठेवलंय, पण ते सांगितलंय इंग्रजीत, आणि मावशीपुढे ठेवलेला कागदही इंग्रजीतच. पेडण्यातल्या एका म्हातारीने माझ्यासमोर बोट ठेवून विचारलं होतं, ‘बाबा, हांगा कितें बरयलां?’ इथे काय लिहिलंय? तिच्या शाळेत शिकवणं मराठीतून झालं, घरात कोंकणी, वर्तमानपत्र मराठी, देवळाचा हिशेब मराठी. आयुष्यातला सगळ्यात मोठा कागद तेवढा तिला न कळणाऱ्या भाषेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे. आपण त्यावरून चाळीस वर्षं भांडतोय, साहित्य संमेलनांत ठराव करतोय, पण विक्रीखताची भाषा कुणाच्या ठरावात आलेली मला आठवत नाही. खत इंग्रजीत राहू दे, वकिलांची सोय आहे. दलालाचं ते एक पान मात्र विकणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत हवं: तुमची जमीन अमुकला चालली, घेणारा एवढे देतोय, तुमच्या हातात एवढे येतायत, मधले माझे. मावशीला वजाबाकी येते.

माझ्या धंद्यातल्यांचा यावर आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, परवाना, परीक्षा, लेखी जबाबदारी आली की गावातला दलाल संपला. दिल्ली-मुंबईच्या काचेच्या ऑफिसवाल्या कंपन्यांकडे वकील आहेत, त्या पानं भरतील. आमच्या पोराचं काय? खाण २०१२ ला बंद पडली तेव्हा ट्रक विकून काहीजण यात आले, त्यांना आता पुन्हा बाहेर काढायचं? मला हा प्रश्न टोचतो, कारण त्यातल्या काहींना मीच धंद्यात आणलं. परीक्षा इंग्रजीत ठेवली आणि फी कंपनीच्या हिशेबाने लावली तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून ती मराठी-कोंकणीतून, तालुक्याच्या ठिकाणी, आणि तोंडी व्हावी. उमेदवाराला एक उतारा हातात द्या आणि विचारा, यात कूळ कोण? सर्व्हेचा नकाशा द्या आणि म्हणा, वाट दाखव. जागेवर नेऊन विचारा, पावसात पाणी कुठून येतं? गावातला पोरगा इथे कंपनीवाल्याला हरवेल.

कारण स्थानिक दलालाची खरी किंमत कागदात नसलेल्या गोष्टींत आहे. माझ्या भागात एक प्लॉट आहे, कागद लखलखीत, झोन वस्तीचा, बिगरशेतीची सनद झालेली. पण शिगम्यात रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, त्याच्या मधोमध जातं. बापजाद्यांपासून जातं. नकाशावर ती वाट नाही, पण तिथे कुंपण घातलं तर गाव ते राहू देणार नाही. दुसरीकडे कोपऱ्यातल्या आंब्याखाली राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची, जागा आहे, वर्षातून एकदा नारळ फुटतो. आणखी एका भाटात मुंडकाराचं घर आहे, तुळस आहे, नातू शाळेत जातो. आर्किटेक्टच्या आराखड्यात त्या घरावर तुटक रेघेने ‘जुनं बांधकाम’ लिहिलं होतं आणि त्याच जागी पोहण्याचा तलाव काढला होता. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या माणसाला हुसकता येत नाही, उलट घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. दलालाने सांगितलं होतं म्हणे, ‘ते जातील.’ कुठे जातील?

वकील मंडळी म्हणतात, टायटल तपासणं आमचं काम, तुम्ही मधे पडू नका. मान्य. पण दोन गोष्टी. वकील कागद बघतो आणि मी फोटो बघतो, ते वर आलंच. शिवाय परगावच्या गिऱ्हाइकाला वकील कोण देतो? बऱ्याचदा मीच. माझ्यामुळे ज्याला वर्षाला दहा कामं मिळतात तो माझा अकरावा सौदा मोडेल का, याचं उत्तर मी देत नाही, तुम्हीच द्या. तुमच्यासाठी एवढंच सांगतो की वकील स्वतः शोधा, दलालाच्या ओळखीचा नको. माझ्याही नको.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि चहाच्या टेबलावर सगळ्यात जोरात तोच ऐकू येतो: दलालांचं काय घेऊन बसलात, परप्रांतीयांना जमीन विकणंच बंद करा, गोव्याला राज्यघटनेचं कलम ३७१ लावा, म्हणजे काही राज्यांना आहे तशी खास तरतूद करा. गंमत अशी की राज्यघटनेत गोव्यासाठी ३७१-आय आहेच. त्यात फक्त विधानसभेत तीसहून कमी सदस्य नसावेत एवढं म्हटलंय. जमिनीला संरक्षण हवं की नको हा मोठा प्रश्न आहे आणि माझं मत ऐकाल तर शेतजमिनीपुरतं ते हवंच. २०२३ च्या कायद्याने भातशेत शेतकऱ्याबाहेर विकायला बंदी आली, मी तिचं स्वागत केलं, माझे दोन सौदे गेले तरी. पण डिचोलीच्या बहिणीचा वाटा खाणारे तिचे सख्खे भाऊ होते. मावशीला कागद पुढे करणारा तिच्याच वाड्यावरचा होता. २०२२ साली जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला विशेष तपास पथक आणि पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा एक सदस्य आयोग नेमावा लागला. मालक मेलेत किंवा परदेशी आहेत अशा मिळकती हेरून जुने पोर्तुगीज कागद बनावट करण्याचे ते प्रकार. कुठलं घर बंद आहे, कुणाचे वारस इंग्लंडात स्विंडनला आहेत आणि गणेशचवथीलाही येत नाहीत, ही माहिती दिल्लीत बसून मिळत नाही. ती गावातूनच पुरवली जाते. माझ्यासारख्याकडून.

म्हणून त्या पानावर कोणती ओळ सगळ्यात महत्त्वाची असं विचाराल तर मी म्हणेन, ‘मी किती वारसांना प्रत्यक्ष भेटलो.’ उताऱ्यात किती आहेत ते नको, वकिलाने मोजले ते नको. मी भेटलो ते. चार भेटलो आणि पाचवीचा फोटो पाहिला, तर तसं लिहायचं. खोटं लिहिलं तर खताशी जोडलेलं खोटं होईल, नोंदणीकृत, दहा वर्षांनीही काढून दाखवता येईल असं. यासाठी दंड किती असावा, परवाना किती वर्षं जावा हे कायदा करणाऱ्यांनी ठरवावं. मला त्यातलं कळत नाही. पैशाच्या बाबतीत एक अट तेवढी हवी. दोन्हीकडून कमिशन घ्यायचं तर दोघांना एकमेकांचा आकडा दिसला पाहिजे. मी स्वतः अजून दोन्हीकडून घेतो, एकीकडून घेऊन या धंद्यात घर चालत नाही. पण आकडा सांगतो. सुरुवातीला लोक दचकले, आता विचारतही नाहीत.

कायदा येईपर्यंत मी ते पान स्वतःच लिहायला लागलोय. तीन वर्षं होतील. मराठीत, हाताने, कार्बन घालून दोन प्रती. गिऱ्हाइकाला सांगतो की जागा एकदा जुलैत येऊन बघा, डिसेंबरात गोवा कुठेही सुंदर दिसतो. शेजाऱ्याला माझ्या पाठीमागे भेटा. विकणाऱ्याला सांगतो, विसार घेण्याआधी बहिणींना फोन करा, माझ्यासमोर करा. यात सौदे जातात. गेल्या वर्षी एक मोठा गेला, तेव्हा माझ्या बायकोने विचारलं की या पानाला वरून कुणी मार्क देतं का.

दोन महिन्यांपूर्वी एका खताच्या वेळी मी वकिलांना म्हटलं, माझं नाव घाला आणि हे पान परिशिष्ट म्हणून जोडा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत. टायपिस्ट मुलगी मसुदा वर-खाली करत बसली. विकणारे, घेणारे, मुखत्यार, साक्षीदार. तिने विचारलं, ‘भाई, तुमका खंय घालूं?’ वकिलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, घाल साक्षीदारांत, दोन नंबरला. पान त्यांनी परत माझ्या हातात दिलं. साक्षीदाराने सही ओळखायची असते, जमीन नाही. मी सही केली, अंगठा यंत्रावर ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.